दिवाळीत भरून काढलेली ड्यूटी

माणसाचा श्वास मोजायचा असेल तर ते त्याला कळू द्यायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी हे दरवर्षी शिकवते. आधी मनगट धरून नाडी मोजायची. ती मोजून झाली तरी बोटं तशीच मनगटावर ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चालली आहे. त्याला खरं कळलं की त्याचा श्वास बदलतो. कुणी रोखून धरतं, कुणी योगासनाला बसल्यासारखा लांबलचक घेतं. मुली एकमेकींवर करून पाहतात, हसतात, आणि वॉर्डात गेल्या की सगळ्यांच्या चार्टवर ‘वीस’ लिहून मोकळ्या होतात. वीस हा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

वाशीमच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. घरी आई आणि मी, दोघीच होतो. वडील गेल्यावर आमच्या गावची, रिठदची शेती चुलतभावांच्या हाती देऊन आई माझ्याकडे राहायला आली होती. ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. तिच्याविषयी लिहायला बसले की दर वेळी माझी एक विद्यार्थिनी मध्ये येते. तिला बाजूला सारून लिहून पाहिलं, जमलं नाही. म्हणून आता तिच्यापासूनच सुरुवात करते.

शेवटच्या वर्षाला मुलींना गटाने एक संशोधन-प्रकल्प करावा लागतो. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या चौघींनी विषय निवडला तो असा: नर्सिंगच्या विद्यार्थिनींमधलं इंटरनेटचं व्यसन आणि त्यांचे स्वभावविशेष. विषय सांगताना तिघींनी एकदमच चौथीकडे पाहिलं.

“मॅडम, आमचं सॅम्पल आमच्या जवळच हाये,” त्यातली बोलकी म्हणाली.

चौथी खाली मान घालून बसली होती. मान लाजेने खाली नव्हती, बाकाखाली फोन चालू होता.

ही मुलगी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. ती लहानपणापासून आश्रमशाळेत, मग वसतिगृहात राहिलेली. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल. स्वभाव मोजायची जी प्रश्नावली आम्ही घेतली होती, तिच्यात ती अंतर्मुखाच्या अगदी टोकाला गेली. फोनचं मात्र काही विचारू नये. मेसमध्ये उजव्या हातात भाकर आणि डाव्या हातात फोन. जिना चढताना फोन. कपडे वाळत घालताना फोन खांद्याने कानाशी दाबलेला. आणि त्यात काय पाहायची, तर काहीही. तांड्यावरच्या मैत्रिणींचे नाच, कुठल्या तरी परदेशी बाईने आपलं घर झाडलेलं, गुडघ्याचं ऑपरेशन, मेंढ्यांची लोकर कातरणं. ऊसतोडीच्या महिन्यांत आईवडिलांशी बोलायला तिला फोनच लागायचा, हे खरं. पण तेवढ्यासाठी अख्खी संध्याकाळ लागत नाही, हे तिलाही कळत होतं. मी एकदा सरळच विचारलं. ती म्हणाली, “बोलनं झालं का ठेवून द्यावा वाटते मॅडम. पन ठेवला का लय शांत होऊन जाते.”

घरी मीही पुस्तक मिटायच्या आधी दुसरं हाताशी आहे ना, ते पाहून ठेवते.

मूळ प्रश्नावली इंग्रजीत होती, ती मराठीत आणायची होती. भाषेच्या बाबतीत मी जरा किरकिरी आहे, त्यामुळे एका रविवारी चौघींना घरीच बोलावलं. आम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजी घालून बसलो. आई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून तुरीच्या शेंगा सोलत होती. मांडीशी तिचा फोन भिंतीला टेकवून उभा केलेला. तो मीच तिला घेऊन दिला होता, रिठदच्या बहिणींशी बोलता यावं म्हणून. बहिणींशी बोलणं पहिल्या महिन्यातच मागे पडलं. त्यांची जागा लोणची घालणाऱ्या, गाई धुणाऱ्या आणि चुलीवर मासे तळणाऱ्या अनोळखी बायांनी घेतली. आईने जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण त्या बाईचं तेल कधी तापलं आणि कधी नाही हे तिला इथे बसून कळायचं.

बोलक्या मुलीने पहिला प्रश्न वाचला. “इंटरनेट वापरता येत नसेल तेव्हा तुम्हाला चिडचिड होते का?”

“होते ना,” दारातून आई म्हणाली. “परवा रेंज गेल्ती तं हिच्यावर किती खेकसली मी, इचारा.”

“आजी, तुमी नर्सिंगच्या स्टुडंट नाई.”

“नसन. पन इचारलं तं सांगू नाई का?”

मी पुढचा प्रश्न घ्यायला सांगितला. “घरच्यांशी बोलण्यापेक्षा ऑनलाइन राहणं तुम्हाला बरं वाटतं का?”

“घरचं कोन हाये येथं? हे?” आईने शेंगेने माझ्याकडे बोट केलं. “हे पुस्तक तोंडासमोर धरून बसते. थो फोन तरी बोलते माह्यासंग.”

मुली ओढणीत तोंड लपवून हसल्या. चौथी मात्र मोठ्याने हसली. इतकी मोकळी की बाकीच्या तिघी हसणं थांबवून तिच्याकडे पाहू लागल्या. मी प्रश्नाचं मराठी सुधारत राहिले. ‘बरं वाटतं’ खोडून ‘अधिक आवडतं’ केलं आणि पुन्हा ‘बरं वाटतं’च ठेवलं.

दुपारभर ते चाललं. आईने एकही प्रश्न सोडला नाही. शेवटी मुलींनी गंमत म्हणून तिची बेरीज केली आणि तिला व्यसन गंभीर असल्याचं जाहीर केलं. आईला ते पहिल्या नंबरासारखं वाटलं. “इकडे ये वं पोरी,” तिने चौथीला हाक मारली. “तुह्या फोनात मेंढ्या हायेत म्हनते हे. दाखोव बरं.” त्यानंतर दर रविवारी ती मुलगी काही ना काही निमित्त काढून येऊ लागली. माझ्याकडे प्रकल्पाचं एखादं पान द्यायची आणि आत जाऊन आईशेजारी बसायची. दोघींची डोकी एका स्क्रीनवर. मला ते कधी आवडायचं, कधी नाही.

प्रकल्पाचं म्हणाल तर पहिली चाचणी पार फसली. चौघींनी पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रश्नावल्या वाटल्या आणि मुली भरत असताना मी समोर खुर्चीत बसले. कागद गोळा करून पाहिलं तर वर्गच्या वर्ग साध्वींचा निघाला. फोन नसला तरी चालतं, रात्री लवकर झोपते, कुणाची आठवण येत नाही. बोलकी वैतागली. चौथी बराच वेळ कागद चाळत राहिली, मग हळूच म्हणाली, “मॅडम, ‘श्वास मोजतो’ म्हनून सांगून मोजलं आपन.”

तिचं खरं होतं. पण इथे न सांगता मोजण्याचीही सोय नव्हती, संमती घ्यावीच लागते. मग आम्ही नावाची जागा काढून टाकली, कागद टाकायला एक खोकं ठेवलं आणि मी वर्गाबाहेर राहिले. तेव्हा कुठे मुली माणसांसारख्या दिसू लागल्या.

आमच्या मुली ज्या रुग्णालयात शिकायला जातात, तिथल्या बायकांच्या मेडिकल वॉर्डात एक पक्का नियम आहे. आत शिरताना फोन सिस्टरांच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि ड्यूटी संपल्यावर घ्यायचा. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांनी तो डबा घरून आणला होता. या बाईंचा आवाज मोठा, हात हलका. अवघड शीर सापडत नसली की डॉक्टरही त्यांना बोलावतात. भादव्यात त्यांनी मला फोन केला. आमच्या चौथीने फोन डब्यात न टाकता खिशात ठेवला होता. घड्याळ बंद पडलं म्हणून नाडी मोजायला त्यातला सेकंदकाटा घेतला, तेवढ्यात वरून काहीतरी आलं, ते उघडलं, आणि पेशंटचं मनगट हातात धरून ती मेंढ्या पाहत उभी होती.

“शेवटचं सांगून ठेवते मॅडम,” इन्चार्ज म्हणाल्या. “पुन्हा सापडली तर सगळं पोस्टिंग पहिल्यापासून करावं लागेल. मी सही करणार नाही.”

पोस्टिंग पहिल्यापासून, म्हणजे तास भरणार नाहीत. तास भरले नाहीत तर बॅचबरोबर परीक्षा नाही. बाकीच्या पास होऊन नोकरीला लागतील आणि ही वसतिगृहात मागे राहील. तिच्या वडिलांनी तांड्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की येत्या उन्हाळ्यात आपण ऊस तोडून परत येऊ तेव्हा पोरगी सिस्टर झालेली असेल. ते तिनेच मला सांगितलं. मी तिला बाजारातून नवं घड्याळ आणायला लावलं आणि बजावलं. तिने मान डोलावली. तिची मान नेहमी लगेच डोलायची.

नवरात्रात आईला दम लागू लागला. आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. पाय सुजले. हृदय थकल्यामुळे छातीत पाणी धरलं होतं. तिला त्याच वॉर्डात दाखल केलं. विश्रांती मिळावी म्हणून मी तिचा फोन घरी ठेवला. त्यावरून दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

आमच्या मुलींचं पोस्टिंग तिथेच चालू होतं, आणि आईची खाट ज्या रांगेत होती ती रांग चौथीकडे होती. मला बरं वाटलं. सकाळी आईला पाहून मी कॉलेजला जायचे, दुपारी तास संपवून यायचे. चार्टवर रोज पाहायचे: श्वास वीस, वीस, वीस. मलाच माहीत होतं वीस म्हणजे काय ते, पण आई बसून बोलत होती, टोमणे मारत होती. मी त्या विसावर विश्वास ठेवला.

एका दुपारी मी वॉर्डच्या दारातच थबकले. आईच्या खाटेपाशी इन्चार्ज उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात त्या मुलीचा फोन होता. मुलगी भिंतीला टेकली होती. आई उशांना रेलून बसली होती, चेहरा रागाने लाल.

“मीच म्हनलं तिले दाखोव म्हनून,” आई धापा टाकत सांगत होती. “मले बोला. तिले कायले बोलता?”

“आजी, तुम्ही पेशंट आहात. तुम्ही झोपा.”

“पेशंट हाव म्हनून का खोटं बोलू?”

इन्चार्ज मुलीकडे वळल्या. “तू सांग. फोन आत कसा आला?”

मुलगी बोलली, आणि मी तिला सलग इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. “आजीचा हात धरला का त्या मोठे मोठे श्वास घेतात सिस्टर. म्हनतात, ‘मोज, किती झाले?’ रोज तसंच करतात. नाडीवर बोटं ठेवून पाह्यलं, तरी त्याईले समजते. मॅडमची आई हायेत, त्याईले सगळं ठाऊक हाये. म्हनून आज फोन आनला. मासे तळायचं लावून देल्लं. त्या पाहत होत्या तवा मोजले.” मग ती थांबली. “तीसच्या वर गेले सिस्टर. दोनदा मोजले.”

इन्चार्जनी फोन खिशात टाकला, आईच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या खिडकीबद्दल कुणाला तरी काही विचारत विचारत आईच्या छातीकडे पाहत राहिल्या. मग चार्ट उचलून थेट डॉक्टरांकडे गेल्या. तासाभरात आईची इंजेक्शनं वाढली आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर लक्षात आलं.

एवढंच असतं तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची सलाईन त्याच मुलीने पाहायची होती. ती केव्हाच संपली होती आणि नळीत रक्त वर चढलं होतं. इन्चार्ज तिकडे आल्या होत्या त्या नळीसाठी, आणि तेव्हा त्यांना ह्या दोघी एका फोनवर डोकं लावून हसताना दिसल्या होत्या. शेजारच्या बाईला काही झालं नाही, सुई बदलावी लागली इतकंच. ती बिचारी झोपेत होती. पण होऊ शकलं असतं.

“मोजून झालं होतं ना?” इन्चार्जनी तिला माझ्यासमोर विचारलं. “मग फोन परत का नाही घेतलास?”

खोटं सांगायला तिला बरीच जागा होती. आजी देत नव्हत्या, म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “व्हिडिओ संपायचा होता.”

इन्चार्जनी तिला बाहेर पाठवलं आणि मला खुर्ची दिली. “तिने मोजलं ते बरोबर मोजलं, हे मी नाकारत नाही. बाकीच्यांच्या विसापेक्षा शंभरदा बरं. पण पलीकडच्या बाईचं काय? तुमची आई आहे, तुमचीच विद्यार्थिनी आहे. मी लिहिते ते लिहू, की तुम्ही काही सांगताय?”

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड क्षण वगैरे नव्हता. पण खुर्चीत नीट बसवत नव्हतं. काहीच लिहू नका म्हणावं, तर माझ्या आईसाठी मी शेजारच्या बाईला मोडीत काढल्यासारखं होतं. लिहा म्हणावं, तर जिने माझ्या आईचा श्वास मोजला तिलाच मागे ठेवायचं. मी विचारलं, फक्त ह्या पंधरवड्याच्या ड्यूट्या धरल्या नाहीत तर? त्या तिने दिवाळीच्या सुट्टीत भरून काढाव्यात. दुपारची पाळी, फोन डब्यात.

“दिवाळीत मला माणसं लागतातच,” इन्चार्ज म्हणाल्या. “पण एक जरी दांडी पडली, तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका.”

मी बाहेर येऊन तिला सांगितलं. तिची मान या वेळी लगेच डोलली नाही.

“दिवाळी झाली का आईबाबा निंघतात मॅडम.”

“मला माहीत आहे.”

“मंग थेट उन्हाळ्यात भेटतात.”

“तेही माहीत आहे. नाही केल्या ड्यूट्या तर परीक्षा बॅचबरोबर होणार नाही.”

ती जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, “करीन,” आणि खाली उतरून गेली. फोन घ्यायला परत यावं लागलं, कारण तो इन्चार्जच्या खिशातच होता.

आईने मात्र मला सोडलं नाही. “तुह्या आंगात माह्यंच रगत हाये ना? पोरीची दिवाळी खाल्ली तू.”

“आई, बाजूच्या बाईच्या नळीत रक्त चढलं होतं.”

आईने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. “थे बरोबर हाये,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, “पन दिवाळीच काहून?”

दसऱ्यानंतर आईला घरी आणलं आणि तिचा फोन तिला परत दिला. पण दिवाळी तोंडावर आली तसा तिला पुन्हा दम लागू लागला, आणि पुन्हा तोच वॉर्ड. या वेळी तिचा फोनही मी त्या डब्यात ठेवला. ऑक्सिजन लावून झाल्यावर, दुपारच्या पाळीला आलेल्या त्या मुलीला ती म्हणाली, “तुले एकटीले दिवाळीत कसं सोडाव? म्हनून आली.”

वॉर्ड निम्मा रिकामा होता. ज्यांना जाता आलं त्या घरी गेल्या होत्या. मुलीचा फोन डब्यात असायचा. पहिले काही दिवस तिचा हात सारखा खिशाकडे जायचा, खिसा चाचपायचा आणि रिकामा परत यायचा. मग तो हात काहीतरी करू लागायचा. चादर ताणायचा, पाण्याची बाटली भरायचा, कुणाची नखं कापायचा. आणि ती बोलायची. प्रश्नावलीतली अंतर्मुख मुलगी आईच्या खाटेपाशी स्टूल ओढून तांड्याबद्दल सांगत राहायची. कोण कुणाशी भांडलं, बकरी कुठे व्याली, ऊस तोडताना पाचटाने तिच्या आईचे हात कसे चिरतात. मी आले की थांबायची. म्हणून मी दाराबाहेरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसू लागले. फार वाचून होत नसे.

अमावस्येच्या संध्याकाळी मी तशीच बसले होते. आत ती आईला सांगत होती, “आज तांड्यावर मेरा राह्यते आजी. लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेतात, घरोघर जातात. मोठ्या मानसाले गानं म्हनून चांगल्या वर्षाचं मागतात. मी लहान होती तवापासून कधी चुकलं नाई.”

“मंग आता?”

“आता काय.”

“येथं कर ना वं. आमी काय मोठे मानसं नाई?”

“दिवा लावता येत नाई येथं. ऑक्सिजन हाये.”

“फोनात बत्ती राह्यते ना?”

“दोघींचे फोन डब्यात हायेत आजी.”

हे सगळं इन्चार्जना टेबलापाशी ऐकू जात होतं. त्या दिवशी त्या स्वतःच ड्यूटीवर होत्या. कुणाला तरी थांबावं लागतंच. त्यांनी काहीतरी लिहिता लिहिता डब्याचं झाकण उघडलं. “दोन मिनिटं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आणि हळू आवाजात.”

तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. आईचा फोनही डब्यातून आला, आणि बत्ती लावून तो आईने तिच्या दुसऱ्या हातात दिला. स्क्रीनवर तांड्यावरचा अंधार होता, हलणारे दिवे होते आणि ओढणीने डोळे पुसणारी तिची आई. मुलगी माझ्या आईच्या उशाशी उभी राहिली आणि आपल्या भाषेत गाऊ लागली. सुरुवातीला आवाज इतका बारीक होता की ऑक्सिजनची बुडबुड त्याच्यापेक्षा मोठी वाटत होती. वॉर्डातल्या म्हाताऱ्या एकेक करून उठून बसल्या. मी दारात आले. शब्द मला समजत नव्हते.

ती दुसऱ्या खाटेशी गेली तेव्हा रेंज तुटली. स्क्रीनवर तिच्या आईचा चेहरा अर्ध्यातच थिजला. तिने एकदा पाहिलं, फोन खिशात टाकला आणि गाणं न थांबवता बत्ती हातात घेऊन पुढच्या खाटेशी गेली. मग त्याच्या पुढच्या. सगळ्या खाटा झाल्या. एकीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एकीने केळं दिलं. आईने उशीखालून नोट काढून तिच्या मुठीत कोंबली. शेवटी ती टेबलापाशी थांबली. इन्चार्ज पेन हातात धरून तशाच बसून राहिल्या, ती गाणं संपवेपर्यंत. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

भाऊबीज झाल्यावर तिच्या आईवडिलांची गाडी वाशीमवरूनच निघाली. बिऱ्हाडं, भांडी, पोरं, सगळं लादलेला ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी थोडा वेळ थांबला. ती युनिफॉर्ममध्येच धावत खाली गेली. खिडकीतून दिसावं म्हणून आईने मला तिची खाट सरकवायला लावली. वरून फार दिसलं नाही. तिची आई ट्रकवरूनच वाकली होती, मुलगी खाली टाचा उंचावून उभी होती आणि दोघींचे हात एकमेकींच्या मनगटाला धरलेले होते. “जाऊन ये म्हना,” आई खिडकीशी पुटपुटली, कुणाला ते कळलं नाही. मुलगी वर आली ती गोड पुऱ्यांचा डबा घेऊन. डोळे धुऊन आली होती. तिने सगळ्यांना एकेक पुरी वाटली, आईला पथ्य असूनही अर्धी दिली, आणि मी न पाहिल्यासारखं केलं.

आई त्यानंतर फार राहिली नाही. एका पहाटे तिचा श्वास लांबत लांबत गेला. मी जवळ होते. आम्ही तिला रिठदला नेलं.

त्या दुपारी काय झालं ते मला इन्चार्जनी नंतर सांगितलं. मुलगी पाळीला आली तेव्हा खाटेवर नवी चादर होती आणि एक नवीन बाई. ती टेबलापाशी येऊन म्हणाली, “सिस्टर, आज सुट्टी मिळन का? रिठदले जायचं हाये.”

“जा,” इन्चार्ज म्हणाल्या. “पण दांडी धरावी लागेल. मी शब्द दिलेला आहे.”

ती तिथे उभी राहिली. मग फोन डब्यात टाकला, चार्ट उचलले आणि खाटांच्या रांगेत गेली. इन्चार्ज म्हणाल्या, “मला वाटलं होतं ती जाईल. खरं सांगू, गेली असती तर मी काहीतरी केलं असतं.” ते त्यांनी त्या वेळी तिला सांगितलं नव्हतं.

रिठदला तिच्या तिघी मैत्रिणी आल्या, ती आली नाही. त्यांना ते खटकलं. एक तर म्हणाली, आजीचा एवढा लळा होता आणि आली नाही पाहा. मला खटकलं नाही. गावच्या बायकांत बसून मी मनात मोजत होते की आता तिच्या किती थोड्या ड्यूट्या उरल्या असतील. माझ्या आईनेही तेच मोजलं असतं, असं मला वाटत होतं. पुढच्या आठवड्यात ती एकटीच घरी आली. आत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली. जाताना तिने विचारलं, “तास भरले मॅडम. सिस्टरनं सही केली. तुमी कराल?” मी केली.

परीक्षेला चौघी एकत्रच गेल्या. केंद्रावर फोन न्यायची सोय नव्हती, म्हणून मुलींनी ते माझ्या पिशवीत टाकले. पेपरभर मी बाहेर झाडाखाली बसले होते आणि मांडीवरची पिशवी अधूनमधून थरथरत होती. चौघींपैकी कुणाचा थरथरतोय ते मी पाहिलं नाही. सोबत पुस्तक आणलं होतं, त्याची चार पानंही झाली नाहीत.

घंटा झाली आणि मुली बाहेर आल्या. ती सगळ्यांत पुढे होती. काही बोलायच्या आधीच तिने हात पुढे केला. मी फोन दिला.

“कसा गेला?”

“चांगला गेला,” ती म्हणाली, आणि तोवर तिचे डोळे स्क्रीनवर होते, अंगठा चालू झाला होता. काहीतरी पाहून ती फिस्सकन हसलीसुद्धा. मग भानावर आली. “थांबा मॅडम, आईले सांगतो आधी.”

फोन लागेना. आईवडील कुठल्या तरी फडात होते, तिथे रेंज येऊन जाऊन असायची. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला, हळूहळू चालत फाटकाकडे गेली, तिथे कठड्यावर चढली. बाकीच्या तिघी तोवर माझ्याभोवती जमून एकमेकींची उत्तरं चुकीची ठरवत होत्या.

“लागला!” ती तिकडून ओरडली. “मॅडम, लागला!”

मी तिला हात केला आणि बोलकीला विचारलं, पाचव्या प्रश्नाचं तू काय लिहिलंस.